पहिल्या ओळीच्या आधी

पायथन शिकवणारे बहुतेक कोणतेही पुस्तक उघडा. सुरुवातीला या भाषेची पानभर तारीफ, मग ‘आपल्या संगणकावर पायथन इन्स्टॉल करा आणि लागतील त्या लायब्ऱ्या पिप वापरून टाकून घ्या’ अशी एक-दोन वाक्ये, आणि पान उलटताच व्हेरिएबल सुरू. लेखकाला त्या वाक्यांची घाई असते, कारण त्याच्या स्वतःच्या संगणकावर ते काम केव्हाच उरकलेले असते. वाचणारा मात्र तिथेच अडतो. स्क्रीनवर लाल अक्षरांत चाळीस-पन्नास ओळी येतात, त्यांतली एकही धड कळत नाही, आणि चूक आपलीच असणार असे समजून तो पुस्तक मिटून ठेवतो. प्रस्तुत पुस्तक त्या एक-दोन वाक्यांवर लिहिलेले आहे. लायब्ररी बसवणे हे प्रोग्रॅमिंगचेच काम आहे आणि ते तितक्याच गांभीर्याने शिकले-शिकवले पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. तो मला पटतो, आणि का पटतो ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवावी लागत आहे.

मराठीच्याच कामातले एक उदाहरण घेऊ. एखाद्या बोलीचा शब्दसंग्रह करणाऱ्या अभ्यासकाकडे दहा हजार शब्दांची यादी आहे आणि ती त्याला वर्णक्रमाने लावायची आहे. पायथनमध्ये यादी क्रमाने लावणे हे एका ओळीचे काम. ती ओळ चालवली की यादी लागतेही, पण मराठी माणसाला न पटणाऱ्या क्रमाने. पायथन अक्षरे लावते ती युनिकोडमधल्या त्यांच्या क्रमांकानुसार. त्यात ‘ल’चा क्रमांक २३५४, ‘ळ’चा २३५५ आणि ‘ह’चा २३६१. शाळेत ‘ह’नंतर म्हटला जाणारा ‘ळ’ त्यामुळे ‘ल’ला चिकटून बसतो. ‘क्ष’ला तर स्वतःचा क्रमांकच नाही. तो क, हलन्ताची खूण आणि ष अशा तीन चिन्हांनी साठवला जातो, म्हणून ‘क्षण’ जाऊन ‘क’च्या शब्दांत मिसळतो. भाषांचे असे आपापले क्रम सांभाळण्याचे काम आयसीयू नावाची लायब्ररी करते. ती सी आणि सी++ या भाषांत लिहिलेली आहे, आणि पायथनमधून तिच्यापर्यंत पोचायला पायआयसीयू नावाचे एक्स्टेन्शन, म्हणजे दुसऱ्या भाषेतले कोड पायथनला जोडणारा दुवा, लागते. अभ्यासक विंडोजवर पिपची कमांड मारतो आणि उत्तर येते की सी++ चा कंपायलर सापडत नाही. गिगाबाइटच्या हिशेबात तो उतरवून घेतला, तर पुढची तक्रार अशी की आयसीयूच्या फाइली सापडत नाहीत. यादी लावणे बाजूलाच राहिले. कोणी म्हणेल, मराठीचा वर्णक्रम सांगणाऱ्या वीस-पंचवीस ओळी त्याने स्वतःच लिहाव्यात. जरूर लिहाव्यात, छोट्या यादीला तेवढे पुरेल. पण अनुस्वार, विसर्ग, ॲ-ऑ, जोडाक्षरे यांचा निकाल लावता लावता त्या ओळी वाढत जातात आणि आयसीयू ज्यांनी घडवली त्यांनी केलेलेच काम हा एकटा नव्याने, थोडे कच्चे, करत बसतो.

अशी एक्स्टेन्शन्स मुळात का लागतात, हे कळले की पुढची बरीच गुंतागुंत अंगावर येत नाही. गीदो व्हान रॉसम यांनी १९९१ साली पायथन प्रसिद्ध केली ती लिहायला-वाचायला सोपी भाषा म्हणून. वेग हा तिचा गुण कधीच नव्हता. आजच्या ६४ बिटच्या पायथनमध्ये ‘१’ हा साधा आकडा साठवायला २८ बाइट लागतात, कारण तो नुसता आकडा नसतो. त्याच्यासोबत त्याचा प्रकार, तो किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी असा लवाजमा असतो. एक कोटी आकड्यांची बेरीज करायची झाली की हा लवाजमा कोटीवेळा उचलावा लागतो. म्हणून १९९५ सालीच जिम ह्युगनिन यांनी न्यूमेरिक हे एक्स्टेन्शन लिहिले, आणि ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी त्याचा वारसा पुढे नेत २००६ साली नमपायची पहिली पक्की आवृत्ती काढली. नमपाय आकडे सलग, प्रत्येकी आठ बाइटमध्ये ठेवते आणि त्यांच्यावरचे काम सीमध्ये लिहिलेल्या कोडकडे सोपवते. सायपाय या लायब्ररीच्या पोटात तर फोर्ट्रानचे कोड आहे. संख्याशास्त्र, हवामान, प्रतिमा, यंत्रशिक्षण या क्षेत्रांत पायथनचा जो दबदबा आहे तो मोठ्या प्रमाणात पायथनमध्ये न लिहिलेल्या कोडवर उभा आहे. भाषा शिकणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. त्याला ते पहिल्यांदा सांगते ती इन्स्टॉल करताना आलेली एरर, आणि ती सांगते तेही धड समजेल अशा शब्दांत नाही.

सीमधले कोड आधी कंपायलरने यंत्राच्या भाषेत उतरवावे लागते आणि उतरवलेले कोड विशिष्ट प्रोसेसरला, विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टिमला बांधलेले असते, इतके सर्वांना ठाऊक असते. पायथनच्या एक्स्टेन्शनला तिसरे बंधन असते ते पायथनच्या आवृत्तीचे. एक्स्टेन्शनला पायथनच्या पोटातली मांडणी माहीत असावी लागते, आणि ही मांडणी ३.११ मध्ये एक तर ३.१२ मध्ये थोडी निराळी असू शकते. पंपाचा वायसर अर्ध्या सुताने चुकला की पंप गळतो. इथे तेवढ्या फरकाने प्रोग्रॅम कोसळतो. काही एक्स्टेन्शन्स अनेक आवृत्त्यांना चालतील अशा मर्यादित मांडणीवरही बांधता येतात, ती सोय पायथन ३.२ पासून आहे, पण सगळ्यांना ती परवडत नाही. लिनक्सवर कंपायलर सहज मिळतो, त्यामुळे तिथे हे बंधन फार जाचले नाही. विंडोजच्या संगणकावर कंपायलर येतच नाही, आणि आपल्याकडच्या घरांत, शाळांत, कचेऱ्यांत संगणक म्हणजे मुख्यतः विंडोज.

विंडोजवरचा हा इतिहास थोडक्यात तरी सांगायला हवा, कारण त्याच्या खुणा अजून जागोजाग सापडतात. पायथन २.७ ही व्हिज्युअल स्टुडिओ २००८ वापरून बांधलेली होती, तेव्हा तिची एक्स्टेन्शन्सही त्याच कंपायलरने बांधणे भाग होते. नसेल तर ‘व्हीसीव्हार्सऑल डॉट बॅट’ नावाची फाइल सापडत नाही, असा निरोप येई. त्या फाइलचे नाव एका पिढीला पाठ झाले. मायक्रोसॉफ्टने खास पायथन २.७ साठी छोटा, मोफत कंपायलर दिला तो २०१४ साली, म्हणजे मूळ साधन सहा वर्षे जुने झाल्यावर. मधल्या काळात जगभरचे विंडोजवाले अवलंबून होते ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या प्रयोगशाळेतल्या क्रिस्टोफ गोल्के या संशोधकावर. त्यांनी शेकडो एक्स्टेन्शन्स विंडोजसाठी बांधून मोफत ठेवली होती. त्यांचा उपक्रम अनधिकृत होता आणि तसे त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेले असे. तरीही पाठ्यपुस्तके आणि प्राध्यापक बिनदिक्कत तिकडे बोट दाखवत. प्रयोगशाळेचा निधी संपला तेव्हा, २०२२ मध्ये, ती सेवा थांबली. सायपायची विंडोजवर नुसती बसवता येईल अशी अधिकृत प्रत मिळाली ती आवृत्ती १.० ला, ऑक्टोबर २०१७ मध्ये. इतकी लोकप्रिय लायब्ररी, इतकी लोकप्रिय ऑपरेटिंग सिस्टिम, आणि दोघींची गाठ नीट पडायला इतकी वर्षे! अडचण बुद्धीची नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरशी जुळवून घेईल असा मोफत फोर्ट्रान कंपायलर हाताशी नव्हता, इतकेच.

आता हे सगळे मिटले, असा पहिला आक्षेप येईल, आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. बांधून तयार एक्स्टेन्शन एका फाइलमध्ये देण्याचा ‘व्हील’ हा प्रकार २०१२-१३ च्या सुमारास ठरला, २०१४ पासून पिप पायथनसोबतच येऊ लागला, २०१६ मध्ये बहुतेक लिनक्सवर चालतील अशा व्हीलचे नियम ठरले. आज नमपाय किंवा पांडाजसारख्या लायब्ऱ्या नव्या संगणकावर मिनिटभरात बसतात. अडचण येते ती कडेला, आणि शिकणारे बहुतेक कडेलाच उभे असतात. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला निघते आणि छोट्या लायब्ऱ्यांची व्हील्स तिच्यापर्यंत पोचायला काही आठवडे, कधी महिने लागतात. उत्साही विद्यार्थी सर्वांत नवी पायथन टाकतो, पिपला तिच्यासाठी बांधलेली फाइल मिळत नाही, मग पिपच मूळ कोड उतरवून बांधायला जातो आणि मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० पाहिजे म्हणतो. विद्यार्थी आज्ञाधारकपणे कंपायलर उतरवायला बसतो. खरा इलाज एक आवृत्ती मागची पायथन टाकणे हा असतो, पण तो एररमध्ये लिहिलेला नसतो. उलट बाजूला जुने संगणक आहेत. विंडोज ७ वर चालणारी शेवटची पायथन ३.८, आणि तिला चालणारी शेवटची नमपाय १.२४. पिप कुरकुर न करता तीच आणून देतो, आणि नमपाय २ समोर ठेवून लिहिलेले उदाहरण तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये का चालत नाही, हे शिक्षकालाही उमगत नाही. पायआयसीयूसारखी उदाहरणे तर आहेतच. मिनिटभरात काम होते तेव्हा ते का झाले हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते का झाले नाही हे शोधता येते.

त्याहून नेहमीचा घोळ म्हणजे कुठल्या पायथनमध्ये बसवले, हा. एकाच संगणकावर तीन-चार पायथन असणे आता सामान्य झाले आहे: एक अधिकृत, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेली, एक ॲनाकोंडाची, एखादी दुसऱ्याच सॉफ्टवेअरने स्वतःपुरती आणलेली. लायब्ररी एकीत पडते, प्रोग्रॅम दुसरीने चालतो, आणि ‘इन्स्टॉल केले आहे तरी सापडत नाही’ ही तक्रार सुरू होते. लिनक्सवर याला आणखी एक पदर आहे. तिथली पायथन ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या कामाला वापरते; तिच्यात मनमानी बसवाबसवी केली तर सिस्टिमचीच साधने बिघडू शकतात. म्हणून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या लिनक्सपासून पिप त्या पायथनला हात लावायला नकार देतो. हा नकार टाळण्याचा एक पर्याय कमांडमध्ये आहे आणि त्याच्या नावातच सिस्टिमची पॅकेजेस मोडण्याची सूचना आहे. तरी लोक तो बिनधास्त वापरतात, कारण कोणीतरी तसे सांगितलेले असते. प्रत्येक कामाला वेगळे ‘एन्व्हायर्नमेंट’ हा यावरचा सरळ उपाय आहे आणि तो देणारे व्हीएन्व्ह हे साधन पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, सोबत येते. दरवेळी तीच लायब्ररी पुन्हा बसवायची, डिस्क उगाच भरायची, अशी कुरकुर ऐकू येते. डिस्कची जागा स्वस्त आहे; दोन वर्षांपूर्वीचा प्रबंधाचा प्रोग्रॅम परीक्षकासमोर न चालणे महाग पडते. ज्यांना सी आणि फोर्ट्रानचे भागही एकत्र सांभाळायचे आहेत त्यांना ॲनाकोंडाचे कोंडा हे साधन अधिक सोयीचे आहे. फक्त मोठ्या संस्थांनी ॲनाकोंडाच्या २०२० नंतरच्या अटी आधी वाचाव्यात, दोनशेपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्यांना पैसे भरावे लागू शकतात.

आता विश्वासाचा मुद्दा, आणि माझ्या मते या पुस्तकाची गरज सर्वांत जास्त सिद्ध होते ती इथे. इन्स्टॉल करणे म्हणजे अनोळखी माणसाचे कोड आपल्या अधिकाराने आपल्या संगणकावर चालवणे. मूळ कोडवरून बांधताना ते बसवण्याच्या क्षणीच चालते. व्हील असेल तर लायब्ररी पहिल्यांदा वापरताना. पायपीआय या पायथनच्या सार्वजनिक कोठारात पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत आणि तिथे काही ठेवण्यापूर्वी कोणी ते तपासून परवानगी देत नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये उघडकीस आले की ‘जेलीफिश’ या लायब्ररीच्या नावातल्या एका स्मॉल एलच्या जागी कॅपिटल आय घालून केलेली नक्कल सुमारे वर्षभर तिथे पडून होती आणि वापरणाऱ्याच्या गुप्त किल्ल्या चोरत होती. डोळ्यांना दोन्ही नावे सारखीच दिसतात. २०२२ मध्ये ‘सीटीएक्स’ ही जुनी, साधी लायब्ररी हाती लागली ती तिच्या कर्त्याच्या ईमेलच्या डोमेनची मुदत संपली म्हणून. कोणीतरी ते डोमेन विकत घेतले, पासवर्ड बदलून घेतला आणि आत चोरीचे कोड घातले. त्यानंतर पायपीआयने दुहेरी ओळखपडताळणी सक्तीची केली, हे चांगलेच झाले. पण मूळ कोड स्वतः बांधून घेतले म्हणजे आपण सुरक्षित, या समजुतीलाही २०२४ च्या मार्चमध्ये धक्का बसला. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सार्वत्रिक लायब्ररीत घातलेला चोरदरवाजा बांधणीच्या टप्प्यावरच आत सरकत होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचे कुतूहल वाटले, म्हणून तो सापडला. केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हीच शक्यता मांडली होती: कंपायलरच बिघडवलेला असेल तर मूळ कोड कितीही वाचून उपयोग नाही. ते भाषण १९८४ साली छापले गेले.

इतका धोका असेल तर आपल्या संगणकावर काही बसवूच नये, ब्राउझरमधले गूगल कोलॅब वापरावे, असे अनेक शिक्षक सांगतात. पहिल्या महिन्याला हा सल्ला योग्य आहे, मी त्याला विरोध करणार नाही. पण कोलॅबमध्येही कोणीतरी बसवलेलेच असते, ते आपल्याला दिसत नाही एवढेच. आपण वर काही टाकले तर सत्र संपताच ते पुसले जाते. आणि इंटरनेट गेले की अभ्यासही गेला. शिवाय रुग्णालयाच्या नोंदी, पतसंस्थेचे हिशेब, गावाच्या सर्वेक्षणातली माणसांची माहिती दुसऱ्याच्या संगणकावर चढवणे प्रत्येक वेळी योग्य नसते. ज्यांना अशा कामासाठी पायथन लागते त्यांना टेबलावरच्या संगणकाकडे यावेच लागते. दुसरा सल्ला एआयला विचारण्याचा. एआय कमांड सांगतो आणि पुष्कळदा ती बरोबर असते. पण ही साधने अस्तित्वात नसलेल्या लायब्ऱ्यांची नावेही ऐटीत सांगतात, आणि असे नाव कोणीही पायपीआयवर नोंदवून ठेवू शकतो. सांगितलेली कमांड मारण्यापूर्वी काय पाहायचे हे ज्याला कळते त्यालाच एआयचा उपयोग. बाकीच्यांच्या बाबतीत चुकायचा वेग तेवढा वाढतो.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: असे पुस्तक लवकर शिळे होईल. होईल. ईझी-इन्स्टॉल हे साधन एके काळी सर्वत्र होते, आज कोणी त्याचे नाव घेत नाही. पायथनसोबत वर्षानुवर्षे येणारे डिस्टयूटिल्स हे साधन ३.१२ मध्ये काढून टाकले गेले. २०२४ मध्ये यूव्ही नावाचे वेगवान साधन आले आणि बघता बघता पसरले. मात्र पर्ल भाषेचे सीपॅन हे कोठार १९९५ चे, आर भाषेचे क्रॅन १९९७ चे, आणि तिथेही विचारावे लागणारे प्रश्न हेच आहेत: हे कोड कुठल्या यंत्रासाठी बांधलेले आहे, कुठल्या आवृत्तीशी जुळते, नेमके कुठे जाऊन बसणार, आणि ते कोणाकडून आले. या पुस्तकाची मांडणी कमांडभोवती न करता या प्रश्नांभोवती केली आहे, आणि हीच त्याची जमेची बाजू. कमांडचे परिशिष्ट दर आवृत्तीत बदलावे लागेल. मधली प्रकरणे बरीच टिकतील.

मराठीत हे पुस्तक हवे होते याला आणखी एक कारण आहे. एरर इंग्रजीत येते आणि घाबरलेला माणूस तिची फक्त शेवटची ओळ वाचतो. खरे कारण अनेकदा वीस ओळी वर असते. एक संपूर्ण प्रकरण अशा निरोपांचे मराठीत ओळीओळीने वाचन करते. माझ्या दृष्टीने ते पुस्तकातले सर्वांत उपयोगी प्रकरण. विंडोजमधले खात्याचे नाव देवनागरीत ठेवले तर काय होते, यावरही तिथे दोन पाने आहेत. पायथन ३.६ पासून स्वतः पायथनला अशा फोल्डरच्या नावांचा त्रास होत नाही, पण तिच्याबरोबर काम करणारी जुनी साधने अजून अडखळतात.

पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यापासून पायथन अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आहे आणि बहुतेक लॅबमध्ये ती विद्यार्थी येण्यापूर्वीच, सगळ्या लायब्ऱ्यांसह, टाकून ठेवलेली असते. शिक्षकांना माझी विनंती आहे की निदान एका तुकडीसाठी तसे करू नये. पहिले प्रात्यक्षिक मोकळ्या संगणकावर घ्यावे, प्रत्येकाला स्वतःचे एन्व्हायर्नमेंट उभे करू द्यावे, एक लायब्ररी मुद्दाम न बसणारी द्यावी, आणि ती का बसली नाही हे लिहून आणणाऱ्याला बसवणाऱ्याइतकेच गुण द्यावेत.